जळालेली नामावली

सत्तरी ओलांडलेली माणसे नांदेडमध्ये रोज सकाळी चहाच्या हॉटेलात बसून चित्रपटांच्या नामावल्यांना क्रमांक देतात, हे मला अजूनही पटत नाही. चित्रपटांना द्यावेत, समजू शकतो. पण परदेशी गुप्तहेराच्या त्या मालिकेत प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला नावे पडतात, तेवढ्या तीन मिनिटांसाठी आमच्या निवृत्त गुरुजींनी वही घातली आहे. वहीत खाडाखोड इतकी की पहिली कोणती, हे त्यांनाही वाचता येत नाही.

माझे मत पुन्हा पुन्हा विचारले जाते, कारण ज्या टॉकीजमध्ये आम्ही ते चित्रपट पाहिले, तिथे मी प्रोजेक्टरवर ऑपरेटर होतो. मी मत देत नाही. नावे पडतात तेव्हा प्रेक्षक खुर्ची शोधतो. त्यांचा उपयोग तेवढाच, असे सांगतो.

गेल्या महिन्यात वाद चौथ्या चित्रपटावरून पेटला. आमच्यातले टेलर मास्तर त्याच्या नामावलीलाच पहिला क्रमांक देतात.

"लाल पाण्यात बाई पोहून राहिली," मास्तर म्हणाले. "मधीच तिच्या खांद्यापाशी पांढरं भोक पडतं. कडा तपकिरी व्हतात, भोक वाढत जातं, अन् पडदा सगळा पांढरा! काय डोकं लावलं असंल!"

गुरुजींनी मोबाईलवर ती नामावली लावली. बाई शेवटपर्यंत पोहली. भोक पडले नाही.

"मास्तर, टाके उसवले की तुमचे," गुरुजी म्हणाले. "पोरानं कात्री काढून घेतली ते बराबर केलं."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. एका सदऱ्याची बाही आखूड कापली गेल्यापासून मुलगा त्यांना कापडाला हात लावू देत नव्हता. अब्बांना काही आठवत नाही, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही तर केबिनीत व्हता. सांगा की ह्यांना."

"आठवत नाही," मी म्हणालो.

हे खोटे होते. ती प्रिंट लातूरच्या टॉकीजमधून एस.टी.ने आली होती. पहिल्याच खेळाला फिल्म मशीनमध्ये अडकली. अडकलेल्या फिल्मवर दिव्याचा उजेड दोन क्षण राहिला तरी ती जळते. म्हणून ऑपरेटरने डोळा मशीनवर ठेवायचा असतो, पडद्यावर नाही. मी झरोक्यातून नावे पाहत होतो. मालकांना सांगितले, प्रिंट लातूरहूनच खराब आली. बोलणी लातूरच्या ऑपरेटरने खाल्ली.

मास्तर चार दिवस हॉटेलात आले नाहीत. पाचव्या दिवशी गुरुजींना घेऊन मी त्यांच्या दुकानात गेलो. मुलगा शिलाई मशीनवर होता. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसून बटणे लावत होते. मी उभ्यानेच सांगितले, "पडद्यावर भोक पडलं होतं. फिल्म मी जाळली. यांनी पाहिलं ते खरं आहे."

शिलाई थांबली.

"जरा मोठ्यानं," मास्तर म्हणाले. "आमच्या साहेबजाद्यांना कमी ऐकू येतं."

मी पुन्हा सांगितले.

"पण चाचा, बाही तर चुकलीच ना," मुलगा म्हणाला.

"चुकली," मास्तर म्हणाले. "ह्यांनी तर फिल्म जाळली. ह्यांच्या हातची मशीन काढली का कुणी?"

 मुलाने कात्री बापाच्या बाजूला सरकवली.

एवढ्यावर निघता आले असते. पण गुरुजींनी पिशवीतून वही काढली. "म्हणजे ते भोक नामावलीतलं नव्हेच. अपघाताला क्रमांक देता येणार नाही."

"का न्हाई? मी तिकीट काढून पायलं!"

"नियम आहे, मास्तर."

"कुणी केला?"

अर्धा तास हेच चालले. दोघेही सत्तरीचे, दोघेही शुद्धीवर. शेवटी निकालासाठी दोघांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या वाटची बोलणी खाल्लेला लातूरचा तो ऑपरेटर आता मुरुडला असतो, असे मी ऐकून होतो. त्याचा फोन नंबर कोणाकडे मिळेल, एवढेच मी विचारले.