दीड कोयता

नव्वद सालानंतर मी काही वर्षं सोमेश्वरनगरला राहिले. सकाळी बारामतीच्या एसटीसाठी थांबायचे, तिथेच ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या होत्या. बीडकडची एक बाई कोपीपुढे उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधता बांधता पोरीला अक्षरं शिकवायची. मातीत बोटानं 'ग' काढायची आणि तळहातानं पुसायची. अक्षराला पाय लावू द्यायची नाही.

मला बघितलं की विचारायची, "बाई, हितल्या शाळंत घालू का कोपीतच शिकवू? उन्हाळ्यात तर गावाकडं जायचंय."

"शाळेत घाला," मी म्हणायचे. सांगायला माझं काय जात होतं!

शेवटी तिनं घातली. दुसऱ्या सकाळी पोर पुन्हा मातीपाशी.

"गुरुजींनी इचारलं, घरात किती मानसं? ही म्हनली, दीड कोयता. समदी पोरं हसली."

मुकादम नवराबायकोला मिळून एक कोयता धरतो, एकट्या माणसाला अर्धा.

"हसू द्या हो, लेकरंच ती."

"हसल्याचं न्हाय वो," ती पोरीकडं बघत राहिली. "सोताला आत्ताच अर्धा कोयता धरलंय तिनं. ह्ये म्या न्हाय शिकवलं, बाई. कोपीतच शिकली."