रिकाम्या खोलीतला दिवा

जळगाव जिल्ह्यात एक दिवा जरी विनाकारण जळत असला, तरी आमच्या विद्यापीठाच्या वायरमन नानांना झोपेतसुद्धा त्याची खबर लागत असावी, असं माझं ठाम मत आहे. तीस-बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी नाना इमारतीमागून इमारत पालथी घालत आणि रिकाम्या खोल्यांतले दिवे हातानं बंद करत. मी मराठीचा प्राध्यापक, म्हणजे दिवा चालू ठेवून चहाला जाणारा अट्टल गुन्हेगार. एरवी नाना माझ्याशी अदबीनं, शुद्ध मराठीत बोलत; पण चिडले किंवा खुलले की थेट अहिराणीवर येत. "सर, खोलीमा कोनीच नही, मंग लाईट कोनाकरता जळी ऱ्हायनी?" मेहरूणला स्वतःच्या भाचीच्या लग्नात वऱ्हाड जेवायला उठलं, तर यांनी मांडवाची सगळी रोषणाई बंद केली आणि मागे राहिलेल्या नवरदेवानं अंधारात सासऱ्यांऐवजी आचाऱ्याचे पाय धरले.

हा कंजूषपणा नव्हे. वरण-बट्टीवर तुपाची धार धरताना हा माणूस मागेपुढे पाहत नाही. पण त्यांचं बालपण दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचे. "वडील घरी आले की आई आधी त्यांचे कान धुवायची," एवढंच एकदा त्यांनी मला सांगितलं. तेव्हापासून मी चहाला जाताना दिवा बंद करू लागलो. निदान आठवडाभर तरी.

मग आवारात एलईडी दिवे आले आणि छताला सेन्सर; दाराजवळची जुनी बटनं तेवढी तशीच राहिली. कुणी हललं की दिवा लागायचा, दहा मिनिटं कुणी हललं नाही की आपोआप विझायचा. म्हणजे नानांची फेरीच संपली. तरी शिडीवर चढून ते सेन्सर बसवायला नानाच पुढे! कंपनीचा इंजिनिअर अभ्यासिकेत चार येरझारा घालून, दिवे लागलेले पाहून, सही करून गेला. परीक्षा आली आणि घोटाळा झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुली तिथे अशा गढून वाचत, की सेन्सरला खोली रिकामी वाटे. एकदम अंधार, मग सगळ्यांचे हात हवेत! तक्रारी गेल्या. कुलसचिव साहेबांनी नानांना माझ्यासमोरच सांगून टाकलं, "नाना, जमत नसेल तर जुनी बटनंच ठेवू. पुढच्या महिन्यात निवृत्त होताय ना? फेरीसाठी तुम्हाला कंत्राटावर ठेवून घेऊ."

घरी रिकामं बसायची नानांना केवढी धास्ती होती, हे मला ठाऊक होतं. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "नाही जमत म्हणून सांगा की!" नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दिवा चालू ठेवून आलो होतो. "पोरी अंधारमा बसतीन अन मी पगार लिसू?"

दुसऱ्या दिवसापासून माणूस वाचताना किती वेळ हलत नाही, ते घड्याळ लावून मोजणं सुरू झालं. आधी नाना स्वतः बसले, पण त्यांना पाच मिनिटंही स्वस्थ बसवेना. शेवटी मला बसवलं. "तुमनासारखा न हालता बसनारा बठ्ठा विद्यापीठमा दुसरा नही शे!" माझ्या कामाचं इतकं कौतुक आजवर सगळ्या विद्यापीठात कुणी केलं नव्हतं. तीन दुपारी मी पुतळा झालो. नानांनी सेन्सर खाली टेबलांजवळ आणले, पान उलटलं तरी कळेल असे, आणि वेळही वाढवली. अभ्यासिका पुन्हा अंधारली नाही. कंत्राटाचं नावही मग कुणी काढलं नाही.

नोकरीच्या शेवटच्या संध्याकाळी नाना सवयीनं फेरीला निघाले, मी सोबत होतो. सगळीकडे रिकाम्या खोल्या आधीच अंधारलेल्या. नाना दारातून डोकावत आणि हात मागे बांधून पुढे जात. मला ते बघवेना. मराठी विभागापाशी मी पुढे धावलो, माझ्या खोलीत शिरलो आणि दिवा लागताच बाहेर आलो. "नाना, एक राहिला बघा!"

दहा मिनिटांत तो आपोआप विझणार, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ते आत गेले, दाराजवळचं बटन दाबलं, आणि त्यावर बोट ठेवून अंमळ तिथेच उभे राहिले.