पूर की तुंबलेलं पाणी

सावरगावात नाला जिथे जाम नदीला मिळतो, तिथून चार घरं सोडून अर्चना सोमकुवरचं घर. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालायचं. नवरा उत्तम नदीपलीकडे पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या गाड्या भरायचा, पण घरावर स्लॅब पडला तो अर्चनाच्या शिवणाच्या कमाईवर, हे तो स्वतःच सगळ्यांना कौतुकानं सांगत असे.

अर्चनाला एखादी गोष्ट पटली की ती एकटीपुरती ठेवायची नाही, हा तिचा स्वभाव. विमा एजंट प्रवीण घराच्या विम्याचं सांगत आला तेव्हा तिनं त्याला चहा पाजून नाना प्रश्न विचारले. "आमाले आगीचं भेव नाई भाऊ, पान्याचं हाय. पूर आला तं देता का?"

"पूर आला तर देतोच ना ताई. घराचं बी अन् सामानाचं बी."

मग ती स्वतःच दारोदार फिरली. शेजारच्या पुष्पा बागडेला तर तिनं हाताला धरून बसवलं. पुष्पा विधवा, शाळेत झाडूपोछा करायची. घराचा विमा काढायचा असतो हेच तिला ठाऊक नव्हतं. "तू म्हनतेस म्हनून काढतो बाई," ती म्हणाली आणि डोकं खाजवत सही केली. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी असा विमा काढला, प्रवीणच्या नाही, अर्चनाच्या भरवशावर.

पोळ्याच्या आठवड्यात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. जाम फुगली, नाल्याचं पाणी नदीत जाईना, ते मागे फिरलं आणि भर दुपारी गल्लीत शिरलं. अर्चनानं आधी उचलले ते गिऱ्हाइकांचे कपडे. लग्नाचे ब्लाउज, कुणाचा शालू, कुणाच्या पोरीचा गणवेश, सगळं तिनं माळ्यावर फेकलं. तोवर पाणी कमरेला आलं होतं. शिवण्याची मशीन, पिकोची मशीन, गाद्या, तांदळाची कोठी सगळं बुडालं. उत्तम मंडीतून पोचला तेव्हा ती छतावर उभी राहून पुष्पाला वर ओढत होती.

पाणी ओसरल्यावर कंपनीचे तपासणीवाले साहेब आले. बूट चिखलात भरतील म्हणून दारातच थांबले, मोबाइलवर फोटो काढले आणि विचारलं, "पाणी कुठून आलं?"

"नाल्यातून जी. नदी भरली होती, नाल्याले जागाच नव्हती."

साहेबांनी मान डोलावली. बिचारीनं खरं सांगितलं, आणि त्या खऱ्यानंच तिला मारलं. महिन्याभरात सगळ्या घरांना सारखंच उत्तर आलं. घरात नदीच्या पुराचं पाणी शिरलेलं नाही; नाल्याचं पाणी तुंबून शिरलं. तुंबलेल्या पाण्याची भरपाई मिळत नाही.

अर्चनानं ते तीनदा वाचलं. मग उत्तमला म्हणाली, "म्हनजे पान्याले इचारायचं होतं काय, बाप्पा, तू नदीचं हायेस का नाल्याचं? नदीचं असशीन तं ये, नाल्याचं असशीन तं भायेर थांब!"

"जाऊ दे ना आता," उत्तम म्हणाला. "मोठ्या लोकाईशी कोन भांडन?"

"मी भांडन. मीच सांगितलं होतं सगळ्याईले."

तिला सगळ्यात जास्त तेच टोचत होतं. ती नळावर गेली की बायका तोंडावर काही म्हणायच्या नाहीत, पण चालू बोलणं थांबवायच्या. पुष्पाला तर कंपनीनं समजुतीखातर म्हणून थोडे पैसे देऊ केले आणि 'आता माझी काही तक्रार नाही' यावर सही घेतली. पुष्पानं ती केली. चूल पेटवायची होती तिला.

त्यात विमा पुन्हा भरायची वेळ आली. प्रवीण दिसेना. शेवटी बसस्टँडवर अर्चनानंच त्याला गाठलं.

"ताई, तुमच्या गल्लीचा विमा आता होत नाही," तो खाली बघून म्हणाला. "वरून पत्रं आलीत, ही घ्या. पूरग्रस्त वस्ती म्हणून नाव टाकलंय."

अर्चनाची कानशिलं तापली.

"काय म्हनलं? पूरग्रस्त?"

दुसऱ्याच दिवशी ती गल्लीतल्या बायकांना घेऊन कंपनीच्या शाखेत गेली. पुष्पाही होती. मॅनेजर ऋषिकेश तरुण होता, नागपूरहून आलेला. त्यानं खुर्च्या मागवल्या, पण कुणी बसलं नाही.

"साहेब, आमच्या गल्लीत पूर येते का नाई येत?"

"मॅडम, तुमचा भाग जोखमीचा आहे, म्हणूनच तर..."

"येते ना? मंग मागच्या साली आला तो काय होता?"

"तो क्लेम विभागाचा निर्णय आहे. हा दुसऱ्या विभागाचा."

"दोन्ही विभाग एकाच कंपनीचे ना? पैसे घ्याच्या टायमाले पूर येईन म्हनून घेतले. द्याच्या टायमाले म्हनता, पूर आलाच नाई. अन् आता म्हनता, तुमच्याकडे लय पूर येते, आमी विमा नाई देत. आमी काय खेळनं होय तुमचं?"

आवाज ऐकून बाहेरचे लोक दारात जमले. ऋषिकेशचा चेहरा पडला. "माझ्या हातात काही नाही, मॅडम."

"मंग ह्या दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहून द्या. सही करा."

त्यानं लिहून दिलं नाही. पण जाताना तो जिन्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "विमा लोकपालाकडे तक्रार करा. क्लेम नाकारल्याचं आणि विमा नाकारल्याचं, दोन्ही पत्रं सोबत लावा."

अर्चनानं तेच केलं. सुनावणी मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं झाली. कंपनीचा वकील नाला, निचरा, व्याख्या असं बरंच बोलला. लोकपालाच्या अधिकारीबाईंनी एकच विचारलं, "नदीला पूर नसता तर नाल्याचं पाणी मागे फिरलं असतं का?" वकिलाला 'नाही' म्हणावंच लागलं. निकाल अर्चनाच्या बाजूनं लागला, आणि तिच्या मागोमाग तक्रार केलेल्या घरांच्याही.

उत्तमनं मंडीत पेढे वाटले. अर्चनानं एकही खाल्ला नाही. "आपलंच आपल्याले भेटलं. त्यात पेढे कायचे?"

खरं कारण वेगळं होतं: पुष्पाची तक्रार लोकपालाकडे घेतलीच नव्हती. तिची सही झाली होती, तिचं प्रकरण मिटलेलं होतं. गल्लीचा विमाही कंपनीनं पुन्हा काढला नाही तो नाहीच. नाला होता तिथेच, होता तसाच.

त्या संध्याकाळी अर्चना पुष्पाकडे गेली. पुष्पा भाकरी थापत होती.

"तुह्यं भेटलं, लय बरं झालं बाई," पुष्पा मनापासून म्हणाली.

त्या बोलण्यानं अर्चनाला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप. "उपाशी मानसाची सही घेते, अन् त्याले समजूत म्हनते! उद्या शाळेतून सुट्टी घे. सौंसरले एक वकीलबाई हाय, तिच्याकडे जाऊ."

"अन् तिनं बी नाई म्हनलं तं?"

"तं दुसरीकडे जाऊ. तू भाकर उलटव आधी, जळून राहिली."