किटल्यांनी दाखवलेला रस्ता
कोयनेच्या घाटात दोन फाटे फुटले, तिथंच रेंज गेली आणि मोबाईलमधला नकाशा थांबला. मागं सून कळांनी ओरडत होती.

"आई, कुठं वळू?" मुलगा रडकुंडीला आला.

डाव्या फाट्यावर टेम्पोसाठी दुधाच्या भरलेल्या किटल्या ठेवल्या होत्या. दूध डेअरीत जाणार, आणि डेअरी दवाखान्याशेजारीच.

"वळ रं डावीकडं. रडायचं मग बघू."

तेव्हा मला ते माझं शहाणपण वाटलं. आता दहा-बारा वर्षांनी वाटतं, टेम्पो आधीच येऊन गेला असता तर? म्हणून काल गाडीसाठी रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायला मीच गेले.

"आवं आजी, ह्याचा पडदा लय मोठा हाय," दुकानदार म्हणाला.

"पडदा ऱ्हाऊ दे. रेंज नसताना चालतंय का?"

चालणारं छोटंच घेतलं.

त्या दिवशी सून आणि नात, दोघी वाचल्या.