करंजाचा पाला आणि ब्लोअर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माजिवड्याच्या पुढे आमच्या सोसायटीत दोन जुने करंज होते. मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा पाला असा गळायचा की सकाळी झाडलेलं आवार दुपारी पुन्हा भरलेलं. झाडून केलेले ढीग कोणी उचलत नसे. खाडीवरून वारा आला की सगळं गटारात. आदल्या पावसाळ्यात गटार तुंबून तळमजल्यावरच्या काकांच्या घरात पाणी शिरलं होतं. सभेत ते म्हणाले, "पावसाच्या आत सोय करा, नाहीतर दोन्ही झाडं तोडा." मी सेक्रेटरी. झाडं मला हवी होती, आणि काकांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

पाला उडवायचं यंत्र असतं, एवढंच मी ऐकून होते. चौकशी करता डोंबिवलीच्या एमआयडीसीत एक दुकानदार सापडला. तो कारखान्यांना धूळ उडवायचे ब्लोअर विकायचा. वजन किती? झाडणाऱ्या बाईंना पेलेल का? वायर फाटकापर्यंत पोचेल? ओला पाला हलतो का? आवाजाने दुपारी झोपलेली बाळं उठतील का?

"मॅडम, ब्लोअर बघताय की जावई?" तो म्हणाला.

पण उत्तरं त्याने मनापासून दिली. छोटा फक्त धुळीच्या कामाचा. पेट्रोलवरच्याला लाइट गेल्याची फिकीर नाही, पण धूर आणि कानठळ्या. पिशवीत पाला ओढणाऱ्याची पिशवी लगेच भरते. "खोक्यावरचे वॉट वाचू नका, तोंडाशी हात धरून बघा." मी धरला. हवा दिसत नाही, पण जोर किती वेगवेगळा! अर्धा दिवस तिथेच गेला. शेवटी मी म्हटलं, आमच्या आवारात चालवून दाखवा, मग ठरवू.

रविवारी तो मधला ब्लोअर घेऊन आला. काकांनीच नळी हातात घेतली. पाला कोंबड्यांसारखा पुढे पळू लागला. काका खूश, त्याला थेट कुंपणाच्या भिंतीपर्यंत पिटाळत गेले. भिंत कमरेएवढी. पाला उसळून पलीकडे गेला.

पलीकडे शेजारच्या आगरी काकींचं अंगण. तिथे वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घातलेल्या.

"काय गो बाय!" काकी भिंतीशी आल्या. "मसाला माझा नं पाला तुझा, कला गो?"

त्यांच्या त्या 'कशाला'वर मी माफी मागितली आणि मिरच्या निवडायला भिंत ओलांडून गेले. काकी पाला झटकत होत्या, पण फेकत नव्हत्या. एका बाजूला साठवत होत्या. मी कारण विचारलं.

"राबाला. मना दरवर्षी लांबून आनावा लागतो."

भाताची रोपं करायच्या जागेवर पावसाआधी सुका पाला पसरून जाळतात, तो राब. भिंतीपलीकडे त्यांना पाला पुरत नव्हता आणि अलीकडे आम्ही त्यापायी झाडं तोडायला निघालो होतो. यंत्राबद्दल मी इतकं विचारलं, पण उडालेला पाला जाणार कुठे, हे विचारलंच नव्हतं.

"आमचा सगळा न्याल?"

"नेन की. पन गोणीत भरून दे, भिंतीवरून उरवून नको!"

दुकानदार वायर गुंडाळू लागला. "म्हणजे जावई नापसंत?"

"जावई कामाचा आहे हो," काका म्हणाले, "पण थेट शेजारणीच्या मसाल्यात शिरतो."

ब्लोअर परत गेला आणि पाला गोण्यांतून भिंतीपलीकडे जाऊ लागला. त्या पावसाळ्यात गटार वाहतं राहिलं, काकांचं घर कोरडं. सभेत त्यांनी झाडांचा विषय काढला नाही. काकींचा मसाला मात्र आम्हाला चाखायला मिळाला नाही. त्यांच्या मते त्यात अजून आमची धूळ होती.