तापलेली मूठ

नव्या रेक्झिनचा वास आला की मला आतेभावाची ती नवी सीटकव्हरं घातलेली सेकंडहँड गाडी आठवते. बदलापूरला मुलगी बघायला जायचं म्हणून या शहाण्याने उल्हासनगरात गिअरची चांगली काळी मूठ काढून चकचकीत स्टीलची बसवून घेतली. "रेसिंगवाली आहे, हात लावू नको," मला दम दिला. मे महिन्यात बदलापुरातल्या खरवईला, मुलीच्या घरासमोर भर उन्हात गाडी उभी. पोहे झाल्यावर मुलीच्या वडिलांना "चला, एक चक्कर मारू" म्हणत ऐटीत बसला, मूठ धरली आणि "आई गं!" करून उडालाच. मुलगी खिडकीतून शांतपणे म्हणाली, "सांडशी देऊ का?" नकार वेगळा कळवावाच लागला नाही. काल त्याच्या नव्या गाडीत बसलो, तर पुन्हा स्टीलचीच मूठ, आणि तिच्यावर बायकोने शिवलेलं टोपडं.