दाव्याची खाच

कुपवाडला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यावरून जाताना रेझिनचा उग्र वास येतो, आणि मला आमच्या गावची होडी आठवते.

महापूर ओसरल्यावर ती फायबरची होडी आमच्या अंगणात ओढून ठेवली होती. विजेच्या खांबावर आदळून तिचं बूड फाटलं होतं. आतलं लाकूड इतकं कुजलेलं, की भिजलेल्या चिपाडासारखं हातात येत होतं. माझ्या वडिलांनी, आबांनी, ते सगळं खरवडून काढलं, नव्या फळ्या बसवल्या, फाटलेल्या जागी रेझिनमध्ये भिजवलेल्या काचेच्या कापडाचे थर दिले. शेवटी होडीच्या काठावरची एक खाच राहिली. मी पुट्टी घेऊन पुढं झाले.

"तेवढी ऱ्हाऊ दे, पोरी."

"आवं आबा, सगळी होडी नवी केली आन् एवढंच कशाला ठेवताय?"

ते खाचेवरून अंगठा फिरवत राहिले.

पुरात आमची म्हैस त्या काठाला बांधलेली, होडीमागं पोहत होती. भर धारेत ती दमली आणि तिच्या ओढीनं बायका-पोरांनी भरलेली होडी कलंडायला लागली. आबांनी विळ्यानं दावं तोडलं. घाव काठातही रुतला. म्हैस दाव्यासकट वाहून गेली.

आबांनी खाच ठेवली तेव्हा मला वाटलं, कामाला कंटाळले असतील.

आमच्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, घरीच ठेवतात. आबा गेल्यावर गोठा आवरला, तेव्हा खुंटीवर सगळी दावी सापडली. त्या म्हशीचं तेवढं नव्हतं.